तेलाचा रंग खाणारी माती

लग्नानंतर मी वर्ध्याकडच्या जाम गावच्या चौरस्त्यापासून थोड्या आत असलेल्या एका तेलाच्या मिलच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. आमचे हे तिथे केमिस्ट होते. मिल फार मोठी नव्हती. टिनाचे दोन शेड, बॉयलर, एक धुराडे आणि मागच्या बाजूला नोकरदारांसाठी जोडून बांधलेली घरे. आमच्या वाट्याला दोन खोल्या आणि पुढे पडवी. सगळ्या मुलखात कापूस, त्यामुळे मिल मुळात सरकीच्या तेलाची. पण सत्तरचे दशक संपत आले तशी बाहेरदेशातून पामतेलाची आवक वाढली आणि शेठजींनी ते कच्चे तेल साफ करून साबणवाल्यांना पुरवायचे काम धरले.

ते तेल मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते तेल वाटलेच नाही. मारुतीला लावायला शेंदूर कालवावा तसा त्याचा रंग. थंडीत ते ड्रममध्येच थिजायचे. मग वाफेची नळी सोडून ते पातळ करावे लागे आणि त्याचा तो गोडसर, जडसर वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. हे मला समजावून सांगत, की तेलात वाईट काही नाही, रंग तेवढा घालवायचा असतो. आधी कॉस्टिक सोड्याने त्यातला आंबटपणा काढायचा, मग तेल तापवून त्यात एका जातीच्या मातीची भुकटी टाकायची आणि घोटत राहायचे. माती रंग खाऊन घेते. नंतर जाड कापडांतून दाबून गाळले की तेल फिके पिवळे निघते आणि कापडावर काळपट वड्या उरतात. मला ते खरे वाटेना. माती टाकून कोणती वस्तू स्वच्छ होते? एकदा ह्यांनी शेडमध्ये नेऊन दाखवले तेव्हा पटले.

ही माती गुजरातकडून रेल्वेने यायची. वॅगन वेळेवर मिळत नसत. माती संपली की मिल थांबे आणि लाल तेलाचे ड्रम आवारात उन्हात उभे राहत. शेठजी मोठ्याने बोलणारे नव्हते. ते दुपारी ह्यांच्या लॅबोरेटरीत येत, काचेची बाटली उचलून उजेडाकडे धरत आणि परत ठेवून निघून जात. त्या दिवसांत हे अर्ध्या भाकरीवर ताटावरून उठायचे.

अशातच दिवाळीच्या आधी आम्ही माझ्या माहेरी गेलो. माहेर समुद्रपूरपासून आत, एसटीतून उतरून बरेच चालावे लागे असे. आई-बाबा दोघेही तोवर गेले होते. घरी माझा भाऊ, वहिनी आणि त्यांची लहानगी मुलगी. भाऊ अबोल, वहिनी त्याच्या उलट. उंच, हाडापेराने मजबूत, आणि तिचे हसणे वेशीपर्यंत ऐकू जाणारे. गावात कोणाचे बाळंतपण असो, कोणाकडे पापड असोत, वहिनीशिवाय पान हलत नसे. मी तिची नणंद, पण नणंदपण मला तिने कधी करूच दिले नाही. मी आले की ती मलाच चार दिवस बसवून खाऊ घालायची.

आम्ही पोचलो तेव्हा ती समोरच्या घरच्या सुनेबरोबर नाल्यावरून पांढरी माती घेऊन आली होती. आमच्याकडे दिवाळीला भिंती त्याच मातीने पोततात. नाल्याच्या काठाला वरून काळी माती आणि तिच्याखाली पांढऱ्या मातीचा जाड थर होता, बायका पिढ्यान्‌पिढ्या तिथून लागेल तेवढी खणून आणत. ह्यांनी टोपल्यातले एक ढेकूळ उचलले, नखाने खरवडले आणि जिभेला लावले. ढेकूळ जिभेला चिकटून राहिले.

वहिनी बघतच होती. आमच्याकडे ही माती गरोदर बायका आवडीने खातात. ती म्हणाली, "काऊन जी जवाईबापू, तुमाले डोहाळे लागले का?"

समोरच्या घरची सून पदरात तोंड घालून हसली. हेही हसले. पण येताना त्यांनी पिशवीभर माती बरोबर घेतली.

घरी आल्यावर माझ्या जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, ह्यांनी पहिला प्रयोग केला. माती उन्हात वाळवली, पाट्यावर वाटली, कापडातून चाळली आणि तापल्या पामतेलात टाकली. रंग उतरला, पण शेंदराचा नारिंगी झाला इतकेच. मग त्यांनी मिलमध्ये नेऊन ती माती गंधकाच्या तेजाबात उकळली, पुष्कळ पाण्याने धुतली, पुन्हा वाळवली. त्या खेपेला तेल असे निघाले की बाटलीच्या पलीकडे धरलेले बोट दिसले. हे बाटली घेऊन घरी धावत आले होते. मी त्यांना धावताना तेवढेच एकदा पाहिले. शेठजींनी मिलमध्ये पेढे वाटले.

मग गावात मिलचा मुनीम गेला. माती कोणी काढायची हा प्रश्न आलाच नाही, कारण गावाला ठाऊक होते की वहिनी बायका गोळा करील. तिने केल्या. समोरच्या घरची सून सगळ्यात आधी आली. ती वहिनीची जिवाची मैत्रीण होती, दोघींची लग्ने एकाच मोसमातली, एकमेकींच्या नजरेआड होत नसत. कापूस वेचून झाला की उन्हाळ्यात बायकांना गावात काम नसे, त्यामुळे सगळ्या खूश होत्या. ट्रक यायचा, भरून जायचा. त्या हिवाळ्यात गावातल्या बायकांच्या अंगावर नवी लुगडी दिसली. वहिनीने मुलीच्या कानात डूल घातले आणि मला दाखवायला म्हणून तिला जामपर्यंत घेऊन आली. मुकादमीण झालीस म्हणून मी तिला चिडवले तर म्हणाली, मुकादम आपल्या हाताने कुदळ मारत नाही, मी मारते.

दुसऱ्या वर्षी होळीच्या सुमारास आम्ही माहेरी गेलो तेव्हा हे मुद्दाम नाल्यावर गेले. मीही गेले. काठ ओळखू येत नव्हता. पांढरा थर खणत खणत बायका आत शिरल्या होत्या आणि वर काळ्या मातीचे छत तसेच लोंबत होते. आत ओणवे होऊन जावे लागे. आत गार होते आणि मुलांना ते आवडायचे, पण वहिनी त्यांना जवळ फिरकू देत नसे. ह्यांनी वर चढून पाहिले. उन्हाने काळ्या रानाला भेगा पडायला लागल्या होत्या, हाताचा पंजा जाईल एवढ्या.

ह्यांनी वहिनीला सांगितले, की हे असे खालून पोखरणे बंद करा, आधी वरची काळी माती काढा, मग पांढरीला हात लावा. वहिनीने ऐकून घेतले. वरचे रान दुसऱ्याचे होते, तो कुदळ लावू देणार नव्हता. आणि वरची माती काढायची तर आठ-पंधरा दिवस ट्रक रिकामा जाईल, मुनीम दुसऱ्या गावाला जाईल. तेही खरे होते. हे परत आल्यावर शेठजींशी बोलले. शेठजी म्हणाले की ते त्या गावचे काम आहे, आपण माती घेतो. पुढचा ट्रक आला आणि ह्यांनी माती तपासून आत घेतली. ही गोष्ट नंतर त्यांनीच मला अनेकदा सांगितली. मी विचारत नसे.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. भर दुपारची वेळ होती. मी पडवीत गहू निवडत बसले होते. मिलचा ट्रक फाटकातून आत न वळता थेट आमच्या घरासमोर येऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरला आणि मला काही न सांगता ह्यांना बोलवायला शेडकडे पळाला. मागे हौद्यात अर्धी भरलेली माती होती आणि मातीवर गोधडी टाकून वहिनीला निजवले होते. भाऊ तिचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या दोन्ही हातांची बोटे रक्ताने माखली होती, नखे उलटली होती. वहिनीचे केस, भुवया, पापण्या सगळे पांढरे. मी चाकावर पाय देऊन वर चढले. तिने मला ओळखले.

ती म्हणाली, "बाई, माहे पाय संगं आले का, पाहाजो."

मी पाहिले. पाय होते. त्यांना काही झालेलेही दिसत नव्हते. मी हात लावला, दाबला, तळव्याला चिमटा घेतला. तिला काही कळले नाही.

हिंगणघाटच्या दवाखान्यातून तिला वर्ध्याला नेले. कंबरेच्या वर मणका तुटला होता. डॉक्टरांनी जे करायचे ते केले आणि जे होणार नाही ते भावाला बाजूला घेऊन नीट सांगितले. भाऊ मान हलवत राहिला. त्याला ते समजले आहे असे मला वाटले नाही.

काय झाले ते गावातून आलेल्या लोकांकडून कळले. बायका भाकरी खायला बाभळीखाली बसल्या होत्या. ट्रक उभा होता आणि थोडीच माती कमी पडत होती, म्हणून वहिनी आणि समोरच्या घरची सून दोन टोपल्या आणायला आत गेल्या. भेगेच्या जागी वरचे रान सबंध खाली बसले. आवाज फार झालाच नाही म्हणतात, नुसती धूळ उठली. बायका हातांनी उकरू लागल्या, वावरांतून माणसे धावत आली. कुदळ मारायची भीती, कारण खाली कोण कुठे आहे ठाऊक नाही. वहिनीचे डोके खणलेल्या पोकळीच्या तोंडाजवळ होते म्हणून ती सापडली. तिची मैत्रीण तिच्या पलीकडे, आत होती. तिला काढले तेव्हा ती गेलेली होती. तिला दोन लहान मुले होती.

पंचनामा झाला. शेठजींनी सांगितले की मिल फक्त माती विकत घेत होती, खणायला त्यांचा एकही माणूस नव्हता. हे खोटे नव्हते. मुनीमाने सांगितले की बायका कोण आणत होते ते गावाला विचारा. गावाने वहिनीचे नाव घेतले. तेही खोटे नव्हते. पुढे सरकारदरबारी काय झाले ते मला नीट माहीत नाही, नाल्यावर खणायची बंदी आली आणि प्रकरण मिटले. पण गावात ते मिटले नाही. मेलेल्या सुनेच्या घरचे लोक भावाच्या दारासमोरून जाताना थुंकू लागले. आड समोरासमोरच्या दोन्ही घरांच्या मधे होता. भावाने तिथून पाणी भरणे सोडले.

दवाखान्यातून सोडायची वेळ आली तेव्हा ह्यांनीच भावाला म्हटले, की वहिनीला आमच्याकडे राहू दे, दवाखानाही जवळ पडेल. भावाने विरोध केला नाही. वहिनी आणि तिची मुलगी दोघी आमच्याकडे आल्या. आतल्या खोलीत खिडकीजवळ तिची खाट घातली. ह्यांनी मिलच्या फिटरकडून छताच्या बल्लीला कडी बसवून घेतली आणि तिला जाड दोर बांधला, म्हणजे वहिनीला हाताने ओढून थोडे उठता येई. तिचे हात शेवटपर्यंत ताकदवान राहिले.

तिला कुशीवर वळवणे, पुसणे, लघवीची कापडे बदलणे हे माझे काम झाले. पाणी तापवायला मी मिलच्या मागच्या ढिगावरच्या वड्या आणायची. तेल गाळून उरलेली ती काळी माती. तिच्यात तेल मुरलेले असल्यामुळे शेणाबरोबर थापली की चांगली जळते. आजूबाजूच्या सगळ्याच बायका नेत. तो ढीग उन्हाळ्यात आपोआप आतून धुमसत असे, कोणी काडी न लावता.

लोक विचारतील की एवढे झाल्यावर ह्यांनी ती नोकरी सोडली का नाही. क्वार्टर मिलचे होते. नोकरी सोडली तर वहिनीची खाट कुठे हलवायची? शेठजींनीही कधी खोली रिकामी करा असे म्हटले नाही. उलट सणावाराला साखर, तेलाचा डबा न मागता येई. वहिनी तो डबा पाहून तोंड फिरवत नसे. त्या तेलाची भजी ती खात असे. मलाच घास उतरत नसे.

गुजरातची माती पुन्हा सुरू झाली होती. हे संध्याकाळी मिलच्या नळावर डोक्यापासून पायापर्यंत अंघोळ करून, कपडे बदलूनच घरात येत. अंगावर पांढरी धूळ असू नये म्हणून. वहिनीच्या हे लक्षात आलेच. एकदा हे तिच्या खोलीच्या दारात उभे होते तेव्हा ती म्हणाली, "थंडीचं आंग धुवून कायले येता जी? मातीनं काई नाई केलं. म्याच तिच्या खालून काढत गेली."

 हे पुढेही अंघोळ करूनच येत राहिले.

भाऊ आधी दर आठवडी बाजाराला यायचा, मग महिन्याने, मग सणाला. खाटेजवळ बसायचा, मुलीला जवळ घ्यायचा, निघून जायचा. वर्षा-दीड वर्षाने तो आला नाही, गावचा दुसराच माणूस आला आणि त्याने मला बाहेर बोलावून सांगितले की तुमच्या भावाने पाट लावला. शेजारच्या तालुक्यातली बाई, नवऱ्याने टाकलेली. मला ते वहिनीला सांगायचे धाडस होईना. मी दोन दिवस तिच्याशी नजर चुकवून वागले. तिसऱ्या दिवशी तिला वळवताना तीच म्हणाली, की घरात बाई आली का? मी हो म्हटले. तिने विचारले, की तिला चूल पेटवता येते का, कारण त्यांची चूल फार धुरकट होती, वाऱ्याची बाजू धरून पेटवावी लागे. मला रडू आले. ती रडली नाही. त्या दिवशी तिने दोर धरून उठायचा प्रयत्न मात्र केला नाही.

आता मला जे सांगायचे आहे ते त्याच्यानंतरच्या हिवाळ्यातले. सकाळची एसटी येऊन गेली होती. दारात एक म्हातारी उभी. हातात काठी, डोक्यावरून पदर. मी क्षणभर ओळखले नाही, मग ओळखले. ती समोरच्या घरची म्हातारी होती. मेलेल्या सुनेची सासू. लहानपणी तिच्या अंगणात मी खेळले होते, तिने मला बोरे दिली होती. मी वाकून नमस्कार केला, तिने तो घेतला की नाही कळले नाही. म्हणाली, ती कुठे आहे.

मला वाटले, ही शिव्याशाप द्यायला आली. मी नाही म्हणू शकत होते. पण खोलीतून वहिनीचा आवाज आला, "येऊ दे बाई."

म्हातारी आत गेली. मी स्टूल दिले तर नको म्हणून जमिनीवरच बसली, त्यामुळे तिचा चेहरा आणि खाटेवरचा वहिनीचा चेहरा एका उंचीवर आले.  वहिनी वाळून अर्धी झाली होती. म्हातारीने चादरीखालच्या तिच्या पायांकडे पाहिले. मग वहिनीनेच हात जोडले आणि म्हटले, की आत्या, तुम्हाला जे बोलायचे ते बोला.

म्हातारी म्हणाली, "बोलाले नाई आली. इचाराले आली. तू तिच्या बाजूले होती. मरताखेपी ते काय बोलली, तेवढं मले सांग."

 तोवर वहिनीने त्या मातीखालच्या वेळेबद्दल कोणाला एक अक्षर सांगितले नव्हते. डॉक्टरांना नाही, भावाला नाही, मला नाही. मी दारात उभी होते. मला वाटले ती आताही सांगणार नाही, किंवा काहीतरी चांगलेसे रचून सांगेल. मुलांची आठवण काढली, देवाचे नाव घेतले. म्हातारीने तेच ऐकून घेतले असते. मीही तेच सांगितले असते.

वहिनी म्हणाली, "म्हने, तुहा कोपर लागून राह्यला मले, सरक ना वं."

"अन् मंग?"

"दोन-तीन डाव म्हटलं. सरक ना वं, सरक ना वं. मंग चिडली माह्यावर."

"तू सरकली का?"

"माह्यानं सरकनं नाई झालं, आत्या."

म्हातारीने मान खाली घातली. तिने विचारले, की मग ती गप्प कधी झाली. वहिनीने सांगितले की तिला कळले नाही. कोपराखाली तिच्या बरगड्या हलत होत्या, वरून लोकांचे उकरणे ऐकू येत होते, आणि मग कधीतरी लक्षात आले की कोपराखाली काही हलत नाही. हे सांगताना वहिनीचा उजवा हात छातीशी दुमडलेला होता. मी इतके दिवस तिला पुसत होते, वळवत होते, आणि तो कोपर ती नेहमी अंगाशी का धरते हे मी कधी मनाशी विचारले नव्हते.

म्हातारी उठली. तिने वहिनीला हात लावला नाही, क्षमा केली असेही म्हटले नाही. मी चहा ठेवते म्हणाले तर तिने फक्त पाणी मागितले, उभ्यानेच प्याली आणि परतीच्या गाडीची वेळ विचारली. मी तिला सडकेपर्यंत सोडायला गेले. गाडीची वाट पाहताना ती एवढेच म्हणाली, की घरातली माणसे म्हणतात ती एका झटक्यात गेली, तिला काही कळलेच नाही. "मले मालूम होतं, तसं होत नाई," ती म्हणाली. ती पुन्हा आली नाही. पण गावात त्यानंतर भावाच्या दारासमोर थुंकणे थांबले, असे लोकांकडून ऐकले. म्हातारीने घरात काय सांगितले ते कोणाला ठाऊक नाही.

वहिनीला मात्र त्या दिवसानंतर उतरती कळा लागली. कंबरेखाली जखमा झाल्या होत्या, त्या भरेनात. मी कितीही वळवले, राख चाळून अंथरली, मऊ कापडे घातली तरी एक भरली की दुसरी उघडे. ताप यायचा, उतरायचा. वर्ध्याला नेले, आणले, परत नेले. शेवटच्या पावसाळ्यात ती फार बोलत नसे. मुलीची वेणी मात्र तीच घाली, खाटेशेजारी तिला उभी करून, दोन्ही हातांनी घट्ट. मुलगी दुखते म्हणून ओरडायची. ज्या दिवशी तिच्याने वेणी घालवेना, त्या दिवशी मी भावाला निरोप धाडला.

तो आला तेव्हा ती बेशुद्ध होती. दोन दिवसांनी दुपारी ती गेली. गावाला न्यायचे की इथेच, असे ह्यांनी भावाला विचारले. भाऊ म्हणाला, इथेच. मिलचे कामगार, ड्रायव्हर, शेजारी असे लोक जमले. शेठजीही आले, चप्पल काढून लांब उभे राहिले. मातीला गावातून तीन-चार बायका आल्या होत्या, नाल्यावर तिच्याबरोबर खणणाऱ्या. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, पण त्यांनीच तिला न्हाऊ घातले. मला त्यांनी बाजूला बसवले.

तेरवीनंतर भाऊ मुलीला न्यायला आला. घरी दुसरीला मुलगा झाला होता, त्याला सांभाळायला कोणी हवे होते, हे त्याने लपवले नाही. मुलगी माझ्या मागे येऊन उभी राहिली. मी त्याला म्हटले, की ती शाळेत जाते, ती इथेच राहील. जन्मात मी भावाला उलट बोलले नव्हते.  त्याच्या बोटांची नखे वाकडीतिकडी वाढली होती, ती मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसली.

तो म्हणाला, "माही पोरगी हाये, बाई."

मी म्हटले, "हो. तुहीच हाये. कवाबी येऊन भेटजो."

तो पाणी न पिता गेला. त्यानंतर आमचे बोलणे पुष्कळ वर्षे बंद राहिले. मुलगी कधी त्याची आठवण काढत नसे, पण रस्त्यावर एसटी थांबलेली दिसली की उतरणाऱ्या माणसांकडे बघत राहायची.

पुढे चार-पाच वर्षांत बाहेरून साफ केलेलेच तेल येऊ लागले. कच्च्या तेलाला कोणी विचारेना. शेठजींनी मशिनरी विकली आणि ते नागपूरला गेले. ह्यांना हिंगणघाटला सरकीच्या तेलाच्या दुसऱ्या मिलमध्ये काम मिळाले, तिथे रंग काढायचे काम दुसऱ्या माणसाकडे होते, हे फक्त आंबटपणा तपासत. क्वार्टर सोडताना आम्ही सामान बैलगाडीवर लादले. आतल्या खोलीतला दोर मी सोडायला गेले, तर ह्यांनी गाठ इतकी पक्की मारून घेतली होती की ती सुटेना. विळ्याने कापावा लागला. कडी तशीच बल्लीत राहिली.